तीन युवा पिअर घेतले, एकही नीट टिकला नाही: चुकलं कुठे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही एका सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रात समन्वयक आहात. गेल्या वर्षी तुम्ही १८ ते २४ वयाचे तीन पिअर सपोर्ट वर्कर घेतलेत, म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेली आणि आता त्याच वाटेवरच्या मुलामुलींना सोबत करणारी तरुण मंडळी. पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलंत. आठ महिन्यांत एक जण सोडून गेला, एक मुलगी दोन महिन्यांपासून आजारपणाच्या रजेवर आहे, तिसरा कामावर येतो पण टीमच्या बैठकीत तोंड उघडत नाही. पुढच्या भरतीला पदवीची अट घालावी का, ‘किमान दोन वर्षं तब्येत स्थिर’ अशी अट घालावी का आणि सगळ्यात चांगला कोर्स कुठला, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या ओळीत, जरा दबकतच, हेही विचारलंय की रजेवरच्या मुलीला परत घ्यावं का.

मी पाच वर्षं स्वतः पिअर होते आणि त्यानंतरची नऊ वर्षं युवा पिअर मंडळींचं सुपरव्हिजन करते आहे, म्हणजे नियमित सोबत बसून त्यांच्या कामाकडे लक्ष देते आणि त्यांना आधार देते. त्या अनुभवातून सांगते: तुम्ही विचारलेल्या अटी आणि कोर्स या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. तुम्ही निवडलेली मुलं चुकीची होती असं तुमच्या वर्णनातून मला कुठेही दिसत नाही. मला दिसतं ते हे, की पाच दिवसांच्या प्रशिक्षणानंतर पुढच्या आठ महिन्यांत त्यांच्यासोबत नियमित कोण बसत होतं, याचा तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात उल्लेखच नाही.

आधी मूळ अडचण मांडते. युवा पिअरच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक, ही बहुतेकांची आयुष्यातली पहिली नोकरी असते. दोन, त्यांचा आजार अजून पुरता मागे पडलेला नसतो, काहींचा कधी पडणारही नाही. तीन, ते वयच घडण्याचं असतं: घर सोडणं, शिक्षण, नाती, आपण कोण आहोत हे ठरवणं, सगळं त्याच चार-पाच वर्षांत येतं. मानसिक आजारांचं वयही नेमकं हेच. आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांची सुरुवात १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते, असं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीवरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणूनच तर आपल्याला या वयाचे पिअर हवे असतात. पण संस्थेत काही बिनसलं की हा तिपेडी गुंता कुणी सोडवत बसत नाही. सगळ्याला ‘आजार’ हे एकच नाव देऊन मोकळे होतात. क्वचित उलटही होतं: आजारच बळावलेला असतो आणि आपण म्हणतो, वयच आहे, मूड असतो.

दोन्हींचं एकेक उदाहरण देते. एकवीस वर्षांची एक मुलगी तिसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस पंचवीस-तीस मिनिटं उशिरा आली. चौथ्या दिवशी एक ज्येष्ठ समुपदेशक माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, “ती परत खाली चालली आहे, आपण जरा घाईच केली.” मी मुलीला बोलावलं. तब्येतीचा विषयही काढला नाही, फक्त विचारलं, “तीन दिवस उशीर होतोय, काय झालंय?” तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्यावर बसच्या वेळा होत्या, पेन्सिलने खुणा केलेल्या. तिच्या मार्गावरची एक फेरी बंद झाली होती. आधीची बस घेतली तर ती पाऊण तास लवकर पोहोचे आणि इमारत कुलूपबंद असे, नंतरची घेतली तर उशीर होई. “मग फोन का नाही केलास?” तर म्हणाली, “फोन करून सांगणं म्हणजे तक्रार केल्यासारखं वाटलं. शाळेत उशीर झाला की गुपचूप मागे जाऊन बसायचो आम्ही.” उशीर होणार असेल तर कळवायचं असतं आणि त्याने उलट आपली पत राहते, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिची वेळ अर्धा तास पुढे केली, प्रश्न मिटला. समुपदेशकांचं ऐकून तिला ‘तब्येत सांभाळ, थोडे दिवस घरी बस’ असं म्हटलं असतं, तर तीन महिन्यांत ती खरोखर सोडून गेली असती आणि आम्ही म्हटलं असतं, झेपलं नाही तिला.

दुसरा मुलगा कधीच उशिरा यायचा नाही. त्याच्या भेटींच्या नोंदी इतक्या नेटक्या असायच्या की मी त्या इतरांना नमुना म्हणून दाखवायचे. त्या पहाटे साडेतीनला लिहिलेल्या असायच्या, हे माझ्या नजरेखालून रोज जात होतं आणि मला दिसत नव्हतं. शेवटी दोन आठवड्यांनी त्यानेच सांगितलं की झोप जवळपास थांबली आहे. ही चूक माझी होती. तेव्हापासून मी नोंदीत काय लिहिलंय याबरोबर ती कधी लिहिली हेही पाहते.

आता तुमच्या अटींकडे येते.

पदवीची अट घालू नका. ज्या वयात आजार येतो त्याच वयात शिक्षण तुटतं. पदवी मागितलीत तर ज्यांचं शिक्षण तुटलं नाही तेवढेच तुमच्याकडे येतील आणि शिक्षण तुटलेल्या मुलांशी बोलायला तुम्हाला नेमके तेच कमी उपयोगी पडतील. लिहिता-वाचता येणं, नोंद ठेवता येणं पुरेसं आहे. फॉर्म भरायला शिकवता येतं.

‘दोन वर्षं स्थिर’ या अटीबद्दल मात्र सरसकट उत्तर नाही. कामाच्या स्वरूपावर ते अवलंबून आहे. रात्रीच्या संकटसेवेत, म्हणजे तातडीच्या मानसिक मदतीच्या सेवेत, किंवा वॉर्डात पिअर ठेवणार असाल तर मी जरा जास्त अंतर मागेन. मोकळ्या गप्पांच्या गटात, शाळा-कॉलेज पुन्हा सुरू करणाऱ्यांच्या सोबतीला कमीही चालतं. कायदाही बघा. अनेक ठिकाणी मुलाखतीत निदान, औषधं, दाखल झाल्याचा इतिहास विचारणं भेदभावात मोडतं. मला तर निदान कळून कधी काही उपयोग झालेला आठवत नाही. मी जाहिरातीतच लिहिते की या कामासाठी मानसिक आजाराचा स्वानुभव आवश्यक आहे. अर्ज करणाऱ्याने तेवढं मान्य केलं की पुढचे तपशील त्याचे.

महिने मोजण्याऐवजी मी तीन गोष्टी पाहते. स्वतःच्या वाईट दिवसांबद्दल बोलताना माणूस त्यात ओढला जातो की त्याच्या काठावर उभा राहून बोलू शकतो. त्याला स्वतःचा आधार आहे का, म्हणजे आमच्याशिवाय दुसरं कुणी, ज्याला तो वाईट संध्याकाळी फोन करेल. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: आपल्याला ज्याने बरं वाटलं त्याने दुसऱ्याला वाटणार नाही, हे त्याला खरोखर पटलंय का. यासाठी माझा एक ठरलेला प्रश्न आहे: “तुला ज्या गोष्टीचा अजिबात उपयोग झाला नाही, तीच समोरच्या मुलाला लागू पडतेय असं दिसलं, तर काय करशील?” एका उमेदवाराला औषधांचा फार वाईट अनुभव आला होता. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मला ते बघायला जड जाईल. पण त्याला बरं वाटत असेल तर मी माझं तोंड बंद ठेवेन आणि तुमच्याकडे येऊन बोलेन.” आम्ही त्याला घेतलं. त्याच दिवशी दुसरी उमेदवार फार छान, ओघवतं बोलली, पण प्रत्येक उत्तर ‘मी जे केलं ते सगळ्यांनी करायला हवं’ इथेच येऊन थांबत होतं. तिला आम्ही नकार कळवला आणि कारणही सांगितलं. नकाराचं कारण सांगाच. ही मुलं नकाराचा अर्थ ‘मी अजून आजारी आहे’ असा लावतात.

मुलाखतीचे प्रश्न मी आदल्या दिवशी पाठवते. तिथल्या तिथे सुचणं हा या कामातला गुण नाही, विचार करून बोलणं हा आहे. पॅनेलवर सेवा घेणारी किंवा घेऊन गेलेली एक तरुण व्यक्ती असते. तिला त्या वेळेचे पैसे देतो आणि तिचं मत बाकीच्यांइतकंच धरतो. शेवटी दहा मिनिटांचा रोल-प्ले: समोर बसलेला मुलगा एक शब्द बोलत नाही. उमेदवाराला शांतता सहन होते का, एवढंच मला बघायचं असतं. जो लगेच सल्ले द्यायला लागतो त्याला शिकवता येतं. जो ‘ठीक आहे, आपण नुसतं बसू’ म्हणून खरंच बसून राहतो त्याला फार शिकवावं लागत नाही.

आणि कधीही एकटा पिअर नेमू नका. पैसे एकाच पूर्णवेळ पदाचे असतील तर अर्धवेळ दोघे घ्या. अख्ख्या इमारतीत ‘स्वतः आजारी पडलेला’ असा एकच माणूस असणं हे वीस वर्षांच्या खांद्यांना पेलणारं ओझं नाही. तुमचे तिघे होते हे चांगलं होतं, पण ते एका जागी बसत होते की तीन टीममध्ये वाटून टाकले होते, हे आठवून पाहा.

प्रशिक्षणाबद्दल. ‘सगळ्यात चांगला कोर्स’ असं मला सांगता येणार नाही, कारण तुमच्याकडे प्रमाणपत्राची सक्ती आहे का आणि सेवेचे पैसे कोण देतं यावर बरंच ठरतं. पण एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत पिअर सपोर्टच्या प्रमाणपत्रासाठी राज्यांनी काय मागावं याचे राष्ट्रीय नमुना-निकष २०२३ मध्ये निघाले. त्यात वर्गातलं प्रशिक्षण ४० ते ६० तास सुचवलंय आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम १२० तास. म्हणजे वर्गात जेवढं, त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त कुणाच्या तरी नजरेखाली. तुमचे पाच दिवस म्हणजे ३०-३५ तास झाले. ते फार कमी नाहीत. कमी पडलं ते त्यानंतरचं.

वर्गात काय शिकवायचं, तर ऐकणं, गोपनीयता आणि तिच्या मर्यादा, हक्क, नोंदी, स्थानिक सेवांची माहिती. हे बहुतेक कोर्समध्ये असतंच, त्यावर वेळ घालवत नाही. दोन गोष्टी मात्र बऱ्याचदा उरकल्या जातात आणि युवा पिअर नेमके तिथेच अडखळतात.

पहिली, स्वतःची गोष्ट सांगणं. आपण त्यांना त्यांच्या अनुभवासाठी नेमतो, म्हणून त्यांना वाटतं की तो जितका जास्त सांगू तितकं काम चांगलं. एका तेवीस वर्षांच्या पिअरने सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या आत्महत्येच्या प्रयत्नाची सगळी हकिगत सविस्तर सांगितली, अगदी मनापासून, ‘तू एकटा नाहीस’ हे पटावं म्हणून. पुढचा पाऊण तास तो सतरा वर्षांचा मुलगाच त्याची समजूत घालत होता. मी नंतर त्या मुलाला भेटले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “दादा आता बरा आहे ना?” भूमिका किती सहज उलटतात बघा. शिवाय जिवाला धोका असलेल्या मुलासमोर असे तपशील येणं ही सुरक्षिततेचीही बाब आहे. मार्ग, जागा, साधन यातलं काहीही बोलायचं नाही, हा आमच्याकडे पक्का नियम आहे.

यासाठी मी प्रशिक्षणात एक सराव घेते. प्रत्येकाने आपल्या अनुभवातला एकच प्रसंग निवडायचा आणि तो तीन प्रकारे मांडायचा: दोन वाक्यांत, दोन मिनिटांत आणि ‘आज नाही सांगणार’ असं समोरच्याला न दुखावता कसं म्हणायचं. मग आम्ही विचारतो, हे सांगितलंस ते कुणासाठी? त्याला काही मिळावं म्हणून, की तुला मोकळं व्हायचं होतं म्हणून? मोकळं होणं वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. पहिल्या दिवशी दोन वाक्यांची मांडणी कुणालाच जमत नाही. एका मुलीने शेवटी लिहिलेलं मला तोंडपाठ आहे: “मीही एक वर्ष कॉलेजला जाऊ शकले नव्हते. परत गेले तेव्हा पहिले दोन आठवडे फक्त गेटपर्यंत जायचे.” यात निदान नाही, दाखल होणं नाही, तरी ऐकणाऱ्या मुलाच्या हाताला धरता येईल असं काहीतरी आहे. सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि आज वीस वर्षांच्या पोराला जे सांगायला हरकत वाटत नाही ते तिशीत नकोसं वाटू शकतं, हेही त्यांना स्पष्ट सांगा. संस्थेच्या कार्यक्रमात, देणगीदारांसमोर किंवा व्हिडिओत गोष्ट सांगायला त्यांना कामाचा भाग म्हणून कधीच भाग पाडू नका.

दुसरी, फोन. पिअर आणि ज्यांना तो भेटतो ती मुलं एकाच वयाची, एकाच गावातली, एकाच सोशल मीडियावरची. रात्री पावणेदोनला ‘झोपलास का?’ असा मेसेज येतो आणि उत्तर न देणं त्याला पाप वाटतं, कारण अशाच एका रात्री त्यालाही कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. ‘बाउंड्री ठेव’ असं सांगून हे सुटत नाही. संस्थेचा वेगळा फोन द्या, तो किती वाजता बंद होतो हे मुलांना पहिल्या भेटीतच सांगा, बंद असताना कुठला क्रमांक लावायचा तो लिहून द्या. मग उत्तर न देण्याचं ओझं त्याच्यावर राहत नाही, ते व्यवस्थेवर जातं. गटातली मैत्रीण आधीपासूनच ओळखीची निघाली, पिअरच्या मित्राचा भाऊ सेवेत आला, असे प्रसंगही येणारच. ते घडल्यावर चौकशी नको, आधीच कुणाला सांगायचं ते ठरलेलं हवं.

धोक्याच्या प्रसंगाबद्दल थोडक्यात. आत्महत्येबद्दल थेट विचारायला शिकवा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती टीमकडूनच पिअरपर्यंत पोहोचते. अमेरिकेत शाळकरी मुलांवर केलेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे. त्यात विचारण्याने मुलांचा त्रास किंवा तसे विचार वाढल्याचं दिसलं नाही. मात्र विचारल्यावर ‘हो’ आलं तर पिअरने ते एकट्याने सांभाळायचं नाही. त्याच तासात कुणाला फोन लावायचा, तो उचलला नाही तर दुसरा कुणाला, ही दोन नावं त्याच्या खिशातल्या कार्डावर असली पाहिजेत. आणि समोरचं मूल अठराच्या खालचं असेल तर कुठली गोष्ट गुपित राहू शकत नाही, हे पहिल्या भेटीतच सांगायचं. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

आता सुपरव्हिजन, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले. पहिले सहा महिने आठवड्याला एक तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. रद्द करायचा तर तुमचं अगदी अटीतटीचं कारण हवं. हा तास मी तीन भागांत घेते आणि ते भाग मोठ्याने सांगते. आधी नोकरीचं: वेळा, रजा, नोंदी, ईमेल कशी लिहायची, बैठकीत बोलायचं कसं. मग मुलांचं: कुणासोबत काय चाललंय, कुठे अडतंय. शेवटी तुझं: काम तुझ्यावर काय परिणाम करतंय. भाग वेगळे ठेवल्यामुळेच तो मघाचा गुंता सुटतो. उशिरा येण्याचा विषय पहिल्या भागात निघतो, तिसऱ्यात नाही. एखाद्या मुलीची हकिगत ऐकून झोप उडाली तर ती तिसऱ्यात येते आणि त्यासाठी तिला ‘मी कामचुकार नाही’ हे सिद्ध करावं लागत नाही.

सुपरव्हायजर त्यांचा थेरपिस्ट नसतो. “औषध घेतलंस का?” हा प्रश्न मी कधीही विचारत नाही. “कामात काय जड जातंय?” हा विचारते. औषधाचा प्रश्न एकदा विचारला की समोरचा सहकारी राहत नाही, रुग्ण होतो, आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला खरं सांगत नाही. याच कारणासाठी, ज्या केंद्रात त्याने उपचार घेतले तिथेच त्याला नेमत असाल तर फार जपून. त्याची जुनी फाइल सहकाऱ्यांना उघडता येऊ नये अशी सोय आधी करा आणि उपचार चालू असतील तर ते दुसरीकडे घेण्याचा पर्याय द्या. ज्या डॉक्टरांनी कालपर्यंत तपासलं त्यांच्याच शेजारी बसून आज मत मांडणं कुणालाही अवघड जाईल. तुमचा तिसरा मुलगा बैठकीत गप्प का, याचं एक कारण इथे असू शकतं.

दुसरं कारण टीमची भाषा. “ती लक्ष वेधून घ्यायला करते” हे वाक्य बैठकीत आलं की पिअरला ते स्वतःबद्दल ऐकू येतं, कारण त्याच्याबद्दलही कधी तरी असंच म्हटलं गेलेलं असतं. आणि टीममधलं सगळ्यात घातक वाक्य: “तू समजाव ना त्याला, तुझं ऐकेल.” गोळी घ्यायला समजाव, ग्रुपला यायला समजाव, आईशी नीट वागायला समजाव. हे दोन-तीनदा झालं की मुलांना कळतं, हा आपल्यातला नाही, त्यांचा माणूस आहे. मग पिअर कुणाचाच राहत नाही. म्हणून भरतीच्या आधी, पिअर येण्याच्या किमान महिनाभर आधी, अख्ख्या टीमसोबत बसून दोन याद्या करा: हे लोक काय करतील आणि काय करणार नाहीत. दुसरी यादी जास्त महत्त्वाची. उपचारासाठी मन वळवणार नाहीत, हेरगिरी करणार नाहीत, कमी पगारातले समुपदेशक बनणार नाहीत, इतर कुणाला वेळ नाही म्हणून मुलांची ने-आण करत बसणार नाहीत.

टीममधले अनुभवी लोक म्हणतील, हे नवं खूळ आहे. नवं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात जाँ-बातिस्त प्यूसँ बऱ्या झालेल्या रुग्णांना सेवक म्हणून घेत असत, कारण ते जास्त माणुसकीने वागतात असा त्यांचा अनुभव होता. फिलिप पिनेल तिथे १७९३ मध्ये डॉक्टर म्हणून आले आणि प्यूसँकडून बरंच शिकले. तुमचे वरिष्ठ पुरावा मागतील, तर खरं ते सांगा. इंग्लंडमध्ये संकटसेवेतून बाहेर पडलेल्या ४४१ जणांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात पिअर वर्करच्या मदतीने बरं राहण्याची स्वतःची योजना एका वहीत लिहिणाऱ्यांपैकी २९ टक्के लोक वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेत आले, ज्यांना ती वही नुसती पोस्टाने पाठवली त्यांच्यापैकी ३८ टक्के. त्यानंतर तिथेच ५९० जणांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुन्हा दाखल होण्यात असा फरक दिसला नाही. दोन्ही प्रौढांवरचे. मी यावरून एवढंच घेते की पिअर नेमले म्हणजे आपोआप काही होत नाही, त्यांना कशा कामावर आणि कशा आधाराने ठेवलं यावर ठरतं.

पगार द्या. ‘या कामाने त्यांनाच बरं वाटतं’ हे ऐकलं की मला राग येतो. मदत करणाऱ्याला मदतीचा लाभ होतो हे खरं आहे, फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच ते तत्त्व मांडलं. पण तो लाभ म्हणजे पगार नव्हे. बरोबरीने सुरुवातीलाच सांगा की पुढे काय. युवा पिअर कायम युवा राहत नाही. सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी त्याने कुठे जायचं? ज्येष्ठ पिअर, सुपरव्हायजर, शिक्षण पूर्ण करायला सोयीच्या वेळा, किंवा हे क्षेत्रच सोडून भलतंच काही. एक मुलगा आमच्याकडून इलेक्ट्रिशियन व्हायला गेला. त्याचा निरोपसमारंभ आम्ही तितक्याच आनंदाने केला. तुमच्याकडून जो गेला त्याला फोन करून विचारा, कशासाठी गेलास. कदाचित तो बिघडून नव्हे, पुढे निघून गेला असेल.

राहिली रजेवरची मुलगी. परत घ्या, असंच मी म्हणेन, अर्थात तिला यायचं असेल तर. पिअरचा आजार उलटणं म्हणजे भरती फसली असं नाही. मणक्याच्या दुखण्यासाठी दोन महिने रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याला आपण ‘तू या कामासाठी नाहीस’ म्हणत नाही. तीच पद्धत, तोच रजेचा नियम, तेच परतीचे कागद. आणखी एक विचार करा: जी मुलं तिला ओळखतात ती हे बघताहेत. आजार परत आला की नोकरी जाते असं दिसलं, तर ती काय शिकतील?

भेट केंद्राबाहेर, तिला सोयीच्या जागी घ्या. एकाच जणाने भेटा, पॅनेल नेऊ नका. ‘आता कशी आहेस’ने सुरुवात केलीत तर ती बचावात जाईल, म्हणून कामापासून सुरुवात करा: कामावर होतीस तोवर कुठलं काम आवडलं, कुठल्या कामाच्या दिवशी यावंसं वाटत नव्हतं. त्या दुसऱ्या उत्तरात तुमच्या केंद्राबद्दल बरंच काही असेल, ते लिहून घ्या. मग तिलाच एक पानाची योजना लिहू द्या: माझं बिघडायला लागलं की कामावर आधी काय दिसतं, तेव्हा मला काय केलेलं चालेल, काय केलेलं चालणार नाही आणि हे पान कोण वाचणार. एका मुलीने लिहिलं होतं, “मी खूप सॉरी म्हणायला लागले की मला बाहेर फेरी मारायला न्या, खोलीत बसवून विचारू नका.” त्या एका ओळीने आमचे किती तरी दिवस वाचले.

सुरुवात आठवड्याला आठ-दहा तासांनी करा. पहिले दोन आठवडे मुलांच्या भेटी नकोत, गटात सहकाऱ्यासोबत बसू द्या. सहकाऱ्यांना काय सांगायचं हे तिने ठरवायचं, ‘रजेवर होते, आता आले’ एवढंच सांगायचं असेल तर तेवढंच. आणि परत कधी यायचं ती तारीख तिला ठरवू द्या. तिने दिलेली तारीख तुम्हाला उशिराची वाटली तरी ती मान्य करा आणि त्या आठवड्यापासूनचा सुपरव्हिजनचा तास आजच डायरीत लिहून ठेवा.